रोजचे तीन शब्द

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे अंबाडीची भाजी निवडणं. दुपार कलली होती. पूर्णेच्या आमच्या घराच्या ओट्यावर प्रयाग, म्हणजे माझी बायको, भिंतीला टेकून बसली होती. पायावर गोधडी, पुढ्यात परात. ती पानं खुडायची अन् मी देठं उचलून शेळीसाठी बाजूला टाकायचो. शेळी विकून चार वर्षं झाली, पण हाताची सवय गेली नव्हती आणि तिनंही कधी हटकलं नाही. परातीच्या पलीकडं नांदेडच्या दवाखान्याची फाईल होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर विळी ठेवलेली, आणि विळीशेजारी आमचं जुनं डॉक्टरी शब्दांचं पुस्तक, पुठ्ठा निघालेलं, सुतळीनं शिवलेलं. फाईलीतल्या एका कागदावर तिच्या काळजाबद्दल एक लांबडा शब्द होता. दवाखान्यात डॉक्टर आमच्यापुढं काही बोलले नव्हते, पोरीला बाजूला घेऊन बोलले होते. पोरगी पुण्याला गेली ती डोळे पुसत गेली, पण सांगितलं तिनंही नाही. प्रयागनं तो शब्द भिंग धरून वाचला, वहीत उतरवला अन् पुस्तकात हुडकून काढला. नजर अधू झाली होती, मॅट्रिकची अक्कल शाबूत होती.

"सापडला बघा," ती म्हणाली. "काळजाचं मास थकून सैल पडतंय. आत्याबाईचं आवळलं होतं, माझं सैल पडलंय, जुन्या गोधडीवानी. घ्या, खूण करा."

"उद्या मेडिकलवाल्याला विचारतो, मग करतो," मी म्हणालो. आत्याबाई म्हणजे माझी आई, तिची सासू.

ती हसली. हसली की खोकला यायचा, तो आला. खोकून झाल्यावर म्हणाली, "जलम गेला, पण माझ्या एकटीच्या शब्दावर खूण करायला तुमच्या पेन्सिलीला टोक आलं न्हाई."

"कायदा म्हंजे कायदा."

"लय मोठे कायदेवाले. जावा, भाजी टाका. लसूण ठेचून घाला, चिरू नका."

ती आजारी पडल्यापासून स्वयंपाक माझ्याकडं होता. भाकरी मला गोल येत नाही, अजूनही येत नाही. फोडणीचा वास सुटला तेव्हा ती बाहेरून म्हणाली, "करपायलाय लसूण, गॅस कमी करा." मी कमी केला. भाकरी तव्यावर टाकली, पलटली, अन् आज बरी फुगली म्हणून दाखवायला उलथण्यावर घेऊन बाहेर आलो, तर मान भिंतीला तशीच टेकलेली होती आणि बघणारं कुणी नव्हतं.

एवढंच. त्याच्यावर जास्त लिहायचं नाही मला. पण ती ज्या खुणेसाठी मला टोमणा मारून गेली, ती खूण कसली, हे लिहून ठेवायला पाहिजे. त्यासाठी मला मिसरूड फुटायच्या दिवसांत जावं लागतं, परभणीला, डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यामागच्या पत्र्याच्या खोलीत.

मी ताडकळसच्या बाजूच्या एका खेड्यातला. बाप लवकर गेला, शाळा सातवीवर थांबली. आईनं दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करून मला वाढवलं अन् मग परभणीला एका डॉक्टरांकडं कामाला लावलं. डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे. उंच, पोट सुटलेले, तोंडात सदा सुपारी. मी झाडायचो, काचेच्या पिचकाऱ्या उकळायचो, केसपेपर हुडकायचो. संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जायचो, कारण क्लासवाल्या मास्तरच्या आईला मी दवाखान्यात नंबर न लावता आत सोडायचो, त्याच्या बदल्यात तो मला फुकट मशीनवर बसू द्यायचा. इंग्रजी मला कळत नव्हतं. पण बाजारात रोज दिसणारा माणूस जसा नाव माहीत नसताना ओळखू येतो, तसे इंग्रजी शब्द मला ओळखू यायला लागले.

डॉक्टरसाहेबांकडं एक टेपरेकॉर्डर होता. मेव्हण्यानं आखातातून आणलेला. रोगी मोठ्या दवाखान्यात पाठवायचा असला की त्याची सगळी हकिकत ते संध्याकाळी सुपारी चघळत त्या मशिनीत बोलायचे, आणि टाईप करणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी ते ऐकून कागदावर आणायचं. टाईप करायला एक बी.ए. झालेला माणूस होता. शिकलेल्या माणसाची एक खोड असते, त्याला अंदाज येतो. कळलं नाही तिथं तो आपल्या मनानं शब्द बसवायचा, शोभून दिसायचा शब्द. एकदा त्याचं एक पत्र नांदेडहून तांबड्या पेन्सिलीचे गोल होऊन परत आलं. डॉक्टरसाहेबांनी त्याला त्याच दिवशी काढला, अन् मला बोलावून विचारलं, "सटवाजी, तेरेकू नई समझा तो क्या करेगा?"

मी म्हणालो, "जागा सोडीन साहेब."

"बस. कलसे तू बैठ."

मला अंदाज येत नव्हता, ही माझी लायकी. दोनशे-तीनशे शब्द नेहमीचेच असायचे, ते जुन्या पत्रांच्या फाईलीत पाहून यायला लागले. नवा शब्द आला की मी बोटभर जागा कोरी सोडायचो, वहीत तो जसा ऐकू आला तसा आपल्या अक्षरात लिहायचो, आणि पुढं जायचो. डॉक्टरसाहेब सकाळी चहा पिताना माझे प्रश्न ऐकायचे, पण रोज तीनच. बशीत चहा ओतला की म्हणायचे, "बोलो सटवाजी, आज के तीन." चौथा विचारला तर बशी खाली ठेवायचे अन् म्हणायचे, "चौथा कल." एकदा चौथा विचारल्याबद्दल मला दोन दिवस एकही शब्द सांगितला नव्हता. तापट नव्हता माणूस, पण त्याचा चहा तीन शब्दांचा होता.

पुढं तर त्यांचा माझ्यावर इतका इतबार बसला की ते कोऱ्या कागदांच्या खाली सह्या करून ठेवायचे. दहा-बारा कागद, प्रत्येकाच्या तळाला सही, वर सगळं कोरं. वर काय लिहायचं ते माझ्या हातात. आता विचार केला की अंगावर काटा येतो. तेव्हा छाती फुगायची. सातवी पास पोरगा अन् त्याच्या पेटीत डॉक्टरच्या दहा सह्या. म्हणून मी नियम अजून कडक केला. गाळलेल्या जागेचं पत्र दाराबाहेर जाणार नाही, आणि शब्दाला दोन साक्षी पाहिजेत: एक पुस्तक अन् एक डॉक्टरसाहेब. हा कायदा मला कुणी घालून दिला नव्हता. मीच केला होता आणि मलाच त्याची मिजास होती.

त्याच साली प्रयाग घरात आली. ती ताडकळसची, मॅट्रिक झालेली, तेही दुसऱ्या वर्गात. तिच्या बापाला सोयऱ्यानं सांगितलं, पोरगा दवाखान्यात आहे. बापानं कंपाउंडर समजला. लग्न झाल्यावर चौथ्या दिवशी तिनं माझी वही उघडून पाहिली, माझं वेडंवाकडं अक्षर पाहिलं अन् विचारलं, "तुमी कितवी शिकलाव?" मी सांगितलं. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "बरं. ते पुस्तक आणा इकडं."

ते पुस्तक डॉक्टरसाहेबांच्या शिकायच्या दिवसांतलं. मला त्यात शब्द हुडकायला अर्धा घंटा लागायचा, तिला एक मिनिट. पुस्तकातला अर्थही तिला अर्धामुर्धा लागायचा. आमची खोली दवाखान्याला लागून, मधे नुसता पडदा. दुपारी दवाखाना बंद झाला की मी टेप लावायचो. फीत उलटी फिरवताना चिमणीची पिल्लं ओरडल्यासारखा आवाज यायचा, मग डॉक्टरसाहेबांचा जाड आवाज, मधेच सुपारी फुटल्याचा कट्ट. पडद्याच्या अलीकडं स्टोव्ह फरफरत असायचा, वरणाला उकळी, पाट्यावर शेंगदाण्याची चटणी. प्रयाग चटणी वाटता वाटता कान देऊन असायची. "थांबा, पुन्हा लावा," म्हणायची. हात पदराला पुसून यायची, पुस्तक उघडायची, वहीत माझ्या अक्षरापुढं आपल्या अक्षरात खरा शब्द लिहायची. त्या पुस्तकाच्या बऱ्याच पानांना अजून चटणीच्या तेलाचे डाग आहेत. सकाळी डॉक्टरसाहेबांनी मान हलवली की मी तिच्या शब्दापुढं खूण करायचो. शब्द तिचा, खूण माझी. ती खूण झाली का, हे ती रोज न चुकता बघायची. नव्या लग्नात लोक काय काय बोलत असतील. आम्ही फुफ्फुसाच्या पाण्याबद्दल बोलायचो. ते दिवस चांगले होते. लय थोडे होते.

त्या हिवाळ्यात आईचं पोट फुगायला लागलं. पायावर सूज, चार पावलं चाललं की दम. गावात कुणी करणी म्हणालं, कुणी पाणी लागलं म्हणालं. मी जाऊन तिला परभणीला घेऊन आलो. येतानाही तिनं फडक्यात धपाटे बांधले होते, अन् वाळलेल्या हरभऱ्याच्या भाजीची पुरचुंडी सुनेसाठी. रस्ताभर तिची एकच काळजी, डॉक्टरसाहेबाला द्यायला काही आणलं नाही. शनिवारी डॉक्टरसाहेबांनी तिला तपासलं. छातीला नळी लावून डोळे मिटून इतका वेळ ऐकत बसले की आईला वाटलं, झोपले. छातीचा फोटो काढला. मग मला म्हणाले, "औरंगाबाद ले जाना पडेगा. बडे सर्जन नए मरीज मंगल के दिन देखते. मैं खत बोल देता, टाईप करके ले जा. खत के बगैर उनके पास नंबर नई लगता."

त्या संध्याकाळी त्यांनी टेपमध्ये चार पत्रं बोलली. तीन लोकांची अन् चौथं आईचं. रविवारी सकाळपर्यंत मी चारही टाईप केली. चारींत मिळून चार जागा कोऱ्या राहिल्या, प्रत्येकात एक. प्रयागनं चारी शब्द हुडकून वहीत लिहून ठेवले होते. चहाची वेळ झाली. बशीत चहा पडला.

"बोलो सटवाजी, आज के तीन."

आमच्या घरात आईनं लहानपणापासून एक गोष्ट मुरवलेली. पंगतीत घरच्याला शेवटी वाढायचं. पाहुणा जेवायचा, शेजारी जेवायचा, भांड्यात उरलं तर आपण. आम्ही गरीब, भांड्यात उरायचं कमीच, पण तिनं कधी मला आधी वाढलं नाही. मी लोकांचे तीन विचारले. आईचा ठेवला. मंगळवार गाठायचा तर सोमवारी दुपारची एस.टी. होती, सोमवारी सकाळी पहिला शब्द आईचा विचारू, असा माझा हिशेब. घरात आल्यावर प्रयागनं पहिलं तेच विचारलं, "आत्याबाईचा शब्द विचारला का?"

"उद्या."

"उद्या? आन् मग आज काय विचारलं?"

"लोकाचं आधी असतंय."

ती काही बोलणार तेवढ्यात बाजेवरून आई म्हणाली, "बरं केलंस लेका. लोकाचं आधी." आणि तिचं तोंड असं समाधानी झालं की प्रयागला पुढं बोलता आलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो. माझ्या आईनं मला शाबासकी दिली होती.

सोमवारी सकाळी मी वही घेऊन गेलो तर डॉक्टरसाहेबांची खुर्ची रिकामी. कंपाउंडर हबीबभाई बाटल्या पुसत होते. म्हणाले, "साब तो कल दोपहर की गाडी से हैदराबाद गए. ससुर गुजर गए उनके. बुध को आते."

मी परत खोलीत आलो. प्रयागनं माझं तोंड पाहिलं अन् सगळं समजली. पुस्तक उघडून माझ्या पुढ्यात ठेवलं. "हे बघा. हा शब्द. काळजाच्या भवती पिशवी असती, ती जाड होऊन काळीज आवळायलीय. कॉन्स्ट्रिक्टिव्ह. आवळणारं. दुसरा शब्दच बसत न्हाई तिथं. करा टाईप."

"साक्ष एकच झाली."

"कागदाला सही हाय ना?"

"म्हणून तर. कोऱ्या कागदावर सह्या केल्या माणसानं. त्याच्या नावावर मी अंदाज लिहू?"

"अंदाज न्हाई हो, पुस्तकात हाय!"

"मागचा बी.ए.वाला बी असंच म्हणायचा."

ती बाजेकडं वळली. "आत्याबाई, छातीत कसं होतंय, सांगा यांना एकदा."

आई उशाला टेकून बसली होती, आडवं झालं की तिचा जीव घुसमटायचा. थांबत थांबत म्हणाली, "वल्ल्या कातड्याची वादी गुंडाळल्यागत होतंय गं. वाळंल तशी आवळायलीय."

"ऐकलाव?" प्रयाग म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पुस्तकातलं अन् आत्याबाईच्या तोंडातलं एकच हाय. घ्या तुमच्या दोन साक्षी. एक पुस्तक, एक आत्याबाई."

"रोग्याची साक्ष धरत नसतेत."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो."

"तुमी सातवीवाले सांगताव अन् आमी ऐकावं!"

हे तिनं बोलायला नको होतं. पण मी जे बोललो ते त्याहून वाईट. "मॅट्रिक झाली म्हणून डॉक्टरीण झाली न्हाईस. चटणी वाट."

हबीबभाईंनी पडद्यातून मान घातली. म्हणाले, नाहीतर गावातल्या दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला विचारून ये. होते दुसरे डॉक्टर परभणीत, का नव्हते. पण आपल्या साहेबाचं बोलणं दुसऱ्याच्या दारात नेऊन खरं-खोटं करायचं, म्हणजे त्यांची इज्जत काढायची, असं मला वाटलं. प्रयाग म्हणाली, मग जागा कोरी राहू द्या, तसंच घेऊन जाऊ. मी म्हणालो, कोरी जागा दाराबाहेर जात नाही. तेव्हा ती उठली. पडद्यापलीकडं जाऊन मशीनपुढं बसली अन् आईचं पत्र कागदाच्या थप्पीतून ओढलं. एका बोटानं टाईप करता यायचं तिला. एकच शब्द होता. मी जाऊन तिच्या हातातून कागद घेतला, मशिनीवर झाकणाची पेटी घातली, पेटीला कुलूप लावलं अन् किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

ती तिथंच बसून राहिली. रडली नाही. दुपारची एस.टी. दवाखान्यासमोरूनच जायची, वळणावर हॉर्न द्यायची. हॉर्न वाजला तेव्हा आम्ही तिघंही ऐकत होतो. आई म्हणाली, "जाऊ द्या पोरांनो. भांडू नका. पुढच्या मंगळवारी जाऊ." मग प्रयागनं धपाट्याचा तुकडा दुधात भिजवून तिला भरवला. तो घास आईनं आधी माझ्याकडं केला होता.

मी आता म्हातारा झालोय अन् खोटं बोलून काही मिळायचं नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी मला नियम राखल्याचा ताठा होता. बायकोचा शब्द बरोबर आहे हे मला आतून माहीत होतं. पुस्तक पटलं होतं, आईची वादी पटली होती. पण तिचा शब्द मी तिच्या एकटीच्या भरवशावर कागदावर घातला असता, तर मग माझ्या खुणेला काय किंमत उरली असती? शब्द तिचाच, पत्र तिचंच, मी कोण? डॉक्टरसाहेबांची इज्जत वगैरे वरच्या गोष्टी. खाली हे होतं. एवढी वर्षं मी हे तिलाही बोललो नाही. तिला माहीत नव्हतं असं नाही.

बुधवारी डॉक्टरसाहेब आले. डोकं भादरलेलं, आवाज बसलेला. चहा आला. मी पहिला शब्द तो विचारला.

"हां, वोइच. बराबर है," ते म्हणाले. मग बशी ओठांपर्यंत नेऊन थांबले. "ये तो तेरी माँ का है. गए नई तुम लोग?"

"न्हाई साहेब. हा शब्द राहिला होता."

त्यांनी बशी खाली ठेवली. चहाला हात लावला नाही. "तो कोरे कागज पे दस्तखत मैं किसके वास्ते करता रे?" एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी बाकीचे दोन शब्द मी विचारले नाहीत अन् त्यांनीही विचार म्हटलं नाही.

मी खोलीत येऊन वही उघडली. प्रयागच्या अक्षरातल्या त्या शब्दापुढं खूण केली. ती भाकरी थापत होती. वळून पाहिलं. "आता कुणासाठी?" म्हणाली अन् परत भाकरीकडं वळली. पत्र टाईप केलं, कोरी जागा भरली, पुढच्या सोमवारची तयारी केली. रविवारी सकाळी प्रयाग आईची वेणी घालत होती. अर्धी वेणी झाली होती, तेवढ्यात आईची मान तिच्या हातावर कलली ती कायमची.

पुढं बऱ्याच महिन्यांनी मी डॉक्टरसाहेबांना एकदा विचारलं, त्या मंगळवारी पोचलो असतो तर? ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, ऑपरेशन मोठं असतं, बाई अशक्त होती, कदाचित टेबलावरच गेली असती, कदाचित वीस वर्षं जगली असती, "मालूम नई सटवाजी." लोकांना वाटतं अशा उत्तरानं सुटका होते. नाही होत. आईचं ते पत्र प्रयागनं पुस्तकात त्याच शब्दाच्या पानात घालून ठेवलं. पुस्तक आता कुठूनही उघडा, आपोआप तिथंच उघडतं.

डॉक्टरसाहेब वारल्यावर दवाखाना बंद झाला. मी पूर्णेला येऊन कोर्टाबाहेर अर्ज टाईप करत जन्म काढला. पोरगी शिकली. पण वही चालू राहिली. घरात नवं औषध आलं, शेजाऱ्याचा कागद आला, की प्रयाग शब्द हुडकून लिहायची अन् मी मेडिकलवाल्याला नाहीतर कुण्या डॉक्टरला विचारून खूण करायचो. फरक एकच पडला. त्या बुधवारनंतर खूण झाली का, हे तिनं परत कधी पाहिलं नाही. लिहायची अन् वही माझ्याकडं सरकवायची. खूण करा, असं तोंडानं ती म्हणाली ते थेट त्या दुपारी, अंबाडी निवडताना. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. मी म्हणालो, उद्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलं होतं. पोरगी पुण्याहून गाडीत होती, तिची वाट बघायची होती. अंगणात बांबू आले होते. कुणीतरी मला ओट्यावर नेऊन बसवलं, त्याच जागी. परात तशीच पडली होती, कडेला देठांचा ढीग, सुकलेला. फाईल, तिच्यावर विळी, पुस्तक, वही. कुणी हलवलं नव्हतं. शेजारच्या घरून चहा आला. मी म्हणालो, आधी त्या बाहेरगावच्या लोकांना द्या. तोंडातून गेलं अन् मग कळलं काय बोललो ते.

तेवढ्यात मेडिकलवाला आला. दुकान उघडायच्या आधी येऊन गेला बिचारा. माझ्याजवळ टेकला, हात हातात घेतला. "बाबा, मावशी लय हुशार होत्या हो. गोळीचं नाव आमच्या आधी सांगायच्या. काही लागलं तर हाक मारा." तो हातभर अंतरावर बसला होता. वही माझ्या मांडीवर होती, पान उघडं, तिचं थरथरतं अक्षर. एक शब्द विचारायला कितीसा वेळ लागतो. जिभेवर आला होता.

"न्हाई," मी म्हणालो. "काही नको."

तो गेल्यावर वहीच्या घडीतली पेन्सिल काढली. टोक नव्हतं. विळी पुढं ओढली, पात्यावर पेन्सिल तासली, तिच्या शब्दापुढं खूण केली, अन् बांबूंकडं गेलो.